धंद्यातल्या ओळखी: कुपवाड ते शिरवळ, छोट्या कारखानदारासाठी

फोनमध्ये दोन हजार नंबर असतात. भाऊकी, पाहुणे, कॉलेजची मित्रमंडळी, सोसायटीचे संचालक, गणेश मंडळाची पोरं. पण पुढच्या महिन्यात दोन मशिनं रिकामी पडणार आहेत, काम कोण देईल, असा प्रश्न आला की कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्याची (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट मजुरीवर करून देणाऱ्याची) यादी पाच-सहा नावांवर थांबते. ती पाच-सहा माणसंही बहुधा एकाच मोठ्या कंपनीच्या व्हेंडर यादीवर असतात, एकाच टपरीवर चहा पितात आणि तीच बातमी एकमेकांना सांगतात. त्या कंपनीने शेड्यूल कापलं की सगळ्यांच्या शॉपमध्ये एकाच आठवड्यात सामसूम.

सांगली-साताऱ्यात माणसं जोडायला कुणाला शिकवावं लागत नाही. अडचण अशी की जोडलेली सगळी माणसं एकाच वर्तुळातली निघतात. खाली दिलेली पद्धत मुख्यतः मशिन शॉप, फाउंड्री, फॅब्रिकेशन, पॅकिंग असल्या दहा-पंधरा कामगारांच्या युनिटसाठी आहे. हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनाही ती थोड्या फरकाने चालेल.

जवळचे आणि लांबचे

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष आजही कामाचा आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून बातमी कळली त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडलेली ओळख मध्यम लांबीची होती, अगदी घट्ट नाही आणि अगदी विरळही नाही. दोन्ही आकडे नोकरीचे आहेत, ऑर्डरचे नाहीत. पण कारण दोन्हीकडे लागू पडतं: रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

म्हणून जवळची माणसं कमी महत्त्वाची असं कुणी समजू नये. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात पसरली ती गावकीच्या जोरावर. गावातला पोरगा गाववाल्याच्याच दुकानात कामाला लागतो, तिथेच शिकतो, पुढे गाववाल्यांच्याच आधाराने स्वतःचं दुकान टाकतो. विश्वास, उधारी, अडीनडीला राहायची सोय हे सगळं घट्ट नात्यातूनच मिळतं. मात्र त्यातून शेजारच्या धंद्याची बातमी येत नाही. उलट उदाहरण किर्लोस्करवाडीचं. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळचा माळ मिळाला तो औंधच्या पंतप्रतिनिधींकडून, म्हणजे नांगर आणि लोखंडाच्या धंद्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाकडून.

आधी वही

मोबाइलची यादी उघडून बसू नका, तिच्यात अडकायला होतं. टॅलीमधून गेल्या दोन वर्षांची खरेदी आणि विक्रीची बिलं काढा. ज्यांच्याशी खरोखर पैशांचा किंवा मालाचा व्यवहार झाला तेवढीच नावं आधी लिहा. मग त्यात ज्यांनी काम मिळवून दिलं, अडचण सोडवली, खरी बातमी दिली, त्यांची भर घाला. एकूण नावं चाळीसच ठेवा. शंभर पानी वही पुरे, एक्सेल येत असेल तर तसं.

प्रत्येक माणसासमोर सात रकाने: नाव आणि हुद्दा, ओळख कशी झाली, शेवटचं बोलणं कधी, त्यांनी आपल्यासाठी काय केलं, आपण त्यांच्यासाठी काय केलं, ते कोणाकोणाला ओळखतात, त्यांना सध्या कशाची गरज आहे. शेवटचा रकाना भरताना हात थांबतो. तो निम्म्याहून जास्त रिकामा राहिला तर समजायचं, की आपण फोन करतो तेव्हा फक्त आपलंच गाऱ्हाणं सांगतो.

आता लाल पेन घ्या आणि एकमेकांना चांगलं ओळखणाऱ्या लोकांना एकच खूण करा. किर्लोस्करवाडी-पलूसच्या पंपवाल्यांना एक, साखर कारखान्यांच्या मेंटेनन्सवाल्यांना दुसरी, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना तिसरी. चाळीसपैकी तीस नावांवर एकच खूण आली तर तुमची खरी ओळख एकच आहे, माणसं तीस असली तरी. पुढच्या वर्षाचं काम तिथेच ठरतं: ज्या खुणेचा एकही माणूस नाही तिथे दोन माणसं जोडायची. दोनच.

चाळीस हा आकडा का, ते सांगतो. शॉप सांभाळून मालकाला आठवड्याला तीन फोन नीट करता येतात. वर्षाला दीडशे-एकशेपंचावन्न. चाळीस माणसांशी तीन महिन्यांतून एकदा बोलायचं तर एकशेसाठ फोन लागतात. यापेक्षा जास्त नावं लिहिली तर वही जानेवारीत सुरू होते आणि मार्चला कपाटात जाते.

एका कंपनीत एकच माणूस नको

छोट्या युनिटची सगळ्यांत महाग चूक ही. गिऱ्हाईक कंपनीत फक्त खरेदीच्या साहेबांना ओळखायचं. साहेब नोकरी बदलून चाकणला गेले की नवीन साहेब स्वतःचे व्हेंडर घेऊन येतात, आणि आठ वर्षांचा संबंध आठ दिवसांत संपतो.

प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाकडे निदान तीन टेबलं माहीत हवीत. खरेदी तर आहेच. दुसरं क्वालिटी. कुठला पार्ट सारखा रिजेक्ट होतोय आणि कोणत्या मापावर होतोय हे तिथे आधी कळतं, खरेदीला महिन्याने. लॉट परत आला की ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी येण्याची वाट न बघता स्वतः व्हर्निअर आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट घेऊन क्वालिटीत जाऊन उभं राहा. मोजण्याची पद्धत दोघांची वेगळी आहे का, गेज कधी कॅलिब्रेट झालं, हे तिथल्या तिथे निघतं, आणि पडत्या बाजूने स्वतः येणारा व्हेंडर त्यांच्या लक्षात राहतो. तिसरं टेबल स्टोअरचं. माल गेटमधून आत गेला पण जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाली नाही, ही तक्रार प्रत्येक एमआयडीसीत ऐकू येते. बऱ्याच कंपन्यांत पेमेंटचे दिवस जीआरएनपासून धरतात, त्यामुळे स्टोअरमधल्या माणसाने चार दिवस उशिरा नोंद केली तर चार दिवस तुमचे गेले. चलनावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, पार्ट नंबर आणि नग ठळक, एका चलनावर एकच पीओ, एवढं केलं तरी स्टोअरवाला तुमचं नाव आनंदाने घेतो. त्याला दिवाळीच्या बॉक्सपेक्षा हे जास्त हवं असतं.

बॉक्सचा विषय निघालाच आहे तर: भेटवस्तू घरी पाठवू नका. अनेक कंपन्यांत त्यावर लेखी नियम असतो आणि अडचणीत तो नोकरदार माणूस येतो. मिठाई द्यायची तर ऑफिसात, सगळ्यांदेखत, सगळ्यांसाठी.

मशिनयादी, एका पानात

कुणी तुमच्यासाठी शब्द टाकायचा तर त्याच्या हातात काहीतरी हवं. चकचकीत बारा पानी ब्रोशर कुणी पुढे पाठवत नाही. एक पान, पीडीएफ, एक एमबीच्या आत. त्यात प्रत्येक मशिनचं नाव, काम घेण्याचा कमाल आकार, मिळणारा टॉलरन्स (मापातला चालणारा फरक), चालणारं मटेरियल, मोजमापाची साधनं, आणि महिन्याला साधारण किती तास मोकळे आहेत. खाली जीएसटी आणि उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंद) नोंदणी क्रमांक, आणि ज्यांची परवानगी आहे अशा तीन गिऱ्हाइकांची नावं.

‘सर्व प्रकारची मशिनिंगची कामे केली जातील’ हे वाक्य काढून टाका. खरेदीवाला ते वाचून तुम्हाला कुठल्याच कप्प्यात ठेवत नाही. ‘३०० मिमी व्यासापर्यंतचे पंप शाफ्ट’ लिहिलं तर शाफ्टचा व्हेंडर अडला त्या दिवशी तुमचं पान आठवतं. तासांचा आकडा दर तिमाहीला बदला. जुना आकडा पाहून काम घेऊन आलेल्या माणसाला ‘सध्या लोड आहे हो’ म्हणणं म्हणजे पाठवणाऱ्याचीही पत घालवणं.

शब्द टाकायला सांगताना

पद्धत दोन टप्प्यांची. आधी मधल्या माणसाला विचारायचं, मग त्याने समोरच्याला विचारायचं, आणि समोरचा हो म्हणाला तरच नंबर द्यायचा. ‘नंबर पाठवा की साहेबांचा, मी बोलतो’ ही आपल्याकडची सर्रास रीत तिघांनाही नडते: साहेब वैतागतात, मधला लाजतो, तुमचा फोन कट होतो.

मधल्या माणसाला पाठवायचा निरोप असा:

‘दादा नमस्कार. शिरवळला तुमचे मित्र खरेदीला आहेत त्या कंपनीत पंपाचे शाफ्ट बाहेरून करून घेतात असं कळलं. आमच्याकडे ७५० मिमी लांबीपर्यंत टर्निंग होतं आणि सध्या महिन्याला १२० तास मोकळे आहेत. त्यांना एकदा विचाराल का? चालणार असेल तरच ओळख करून द्या, नाही म्हणाले तरी काही मनात आणणार नाही. खालचा मजकूर तसाच पुढे पाठवता येईल.’

आणि खाली वेगळ्या निरोपात, मधल्याने फक्त पुढे ढकलायचा मजकूर:

‘सर नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं युनिट आहे. ईएन८ आणि एसएस ४१० चे शाफ्ट, ०.०२ मिमी टॉलरन्स. आपल्या एका ड्रॉइंगवर तीन नग नमुना करून देऊ, ड्रॉइंग मिळाल्यापासून सात दिवसांत, इन्स्पेक्शन रिपोर्टसह. मशिनयादी जोडली आहे.’

दोन निरोप वेगळे ठेवण्याचं कारण सरळ आहे. मधल्या माणसाला तुमची ओळख स्वतःच्या शब्दांत लिहायला लागली तर तो ते उद्यावर टाकतो, आणि उद्याचं परवावर जातं. नमुन्याची ऑफर छोटी आणि मुदतीची असावी. ‘एकदा संधी द्या’ यावर खरेदीवाल्याला काहीच करता येत नाही. तीन नग आणि सात दिवस यावर त्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

ओळख झाल्यावर बहुतेक लोक जिथे घसरतात ती जागा ही: मधल्याला पुढे काय झालं ते कळवत नाहीत. पहिलं बोलणं झालं त्याच दिवशी एक ओळ, नमुना पास किंवा नापास झाला की एक ओळ, पहिली ऑर्डर निघाली की फोन. नापास झाला तरी कळवायचं. मधला माणूस रविवारी त्या मित्राला एखाद्या लग्नात भेटणारच असतो, आणि तिथे त्याला तुमच्याबद्दल काही माहीत नसणं फार वाईट दिसतं. ज्याला निकाल कळतो तो दुसऱ्यांदा शब्द टाकतो.

एकाच माणसाकडे वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा शब्द मागू नका. मध्ये त्याचं काहीतरी काम झालेलं असावं.

आपण शब्द टाकताना

मार्केट यार्डात आडत्या शेतकरी आणि खरेदीदाराच्या मधे उभा असतो. खरेदीदाराचे पैसे यायला वेळ लागला तरी शेतकरी पट्टी घेऊन आडत्याच्याच दारात येतो. धंद्यात कुणाची शिफारस केली की आपणही थोडेफार त्याच जागी येऊन बसतो. म्हणून शिफारशीचे तीन दर्जे ठरवून ठेवा आणि प्रत्येक वेळी कोणता ते उघड सांगा. ‘ओळखतो, पण काम पाहिलेलं नाही.’ ‘काम पाहिलंय, व्यवहार केलेला नाही.’ ‘व्यवहार केलाय, माझ्याकडून हमी.’ तिसरा दर्जा वर्षाला तीन-चार माणसांपलीकडे देऊ नये. सगळ्यांना तिसराच दर्जा देणाऱ्याच्या शब्दाला कुणी किंमत देत नाही.

पाहुण्यातला पोरगा असेल तर? पहिला दर्जा सांगा. ‘माझा भाचा आहे, काम तुम्हीच तपासून घ्या’ असं म्हणण्यात नातंही राहतं आणि शब्दही.

नवीन माणसाची ओळख पुढे करण्याआधी दहा मिनिटांची तपासणी करा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’ लॉगिनशिवाय चालतं. पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक टाका. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते आणि पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. तिथे नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि रिटर्न कधी कधी भरले, दोन्ही दिसतं. रिटर्न सारखे उशिरा भरणारा पुरवठादार तुमच्या मित्राच्या गळ्यात बांधला तर मित्राचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या तक्त्यात वेळेवर दिसणार नाही, आणि शिव्या तुम्हाला बसतील. मग त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन. ‘कसा आहे?’ असं विचारलं तर सगळेच ‘चांगला आहे’ म्हणतात. विचारायचं ते असं: शेवटचा लॉट कधी दिला, ठरलेल्या तारखेला दिला का, रिजेक्शन आलं तेव्हा काय केलं?

ओळख करून देण्याचे पैसे घेत असाल तर त्यात गैर काही नाही, दलाली हा जुना आणि सरळ धंदा आहे. फक्त ते दोन्ही बाजूंना आधी माहीत असावं आणि बिलावर यावं. गिऱ्हाईक कंपनीच्या नोकरदाराला त्यातला वाटा द्यायचा प्रकार मात्र पूर्ण टाळा.

फोन कधी करायचा

समोरच्याचं कॅलेंडर माहीत असलं की निम्मं काम झालं. सीएला महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जुलैच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या शेवटी त्रास देऊ नये. बँकेच्या मॅनेजरना मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर मुळीच नाही. मॅनेजरची बदली साधारण तीन वर्षांत होते. बदली झाली तरी नाव वहीतून काढू नका. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या शाखेत गेलेला, तुमचं खातं आतून पाहिलेला माणूस ही फार कामाची लांबची ओळख असते.

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. हंगामात मेंटेनन्सच्या साहेबांना फक्त ब्रेकडाउनची माणसं आठवतात, तेव्हा नवीन ओळख काढायला जाऊ नये. हंगाम संपून दुरुस्तीची कामं निघतात तो एप्रिल ते जूनचा काळ बोलण्याचा. हळद आणि बेदाण्याच्या लोकांचं उलट: फेब्रुवारी ते मे सौद्यांची धामधूम, आडते, हुंडेकरी, कोल्ड स्टोरेजवाले कुणालाच मान वर करायला सवड नसते. पॅकिंग मशिन किंवा पॉलिशिंग ड्रमचं काम त्यांच्याकडे मागायचं तर पावसाळ्यात जावं.

भेटीचा उत्तम दिवस खंडेनवमी. शॉपमध्ये मशिनांची पूजा असते, सगळे मालक जागेवर असतात आणि कुणी कामाचं बोलायला आलेलं नसतं. शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या शॉपना त्या दिवशी जाऊन आलात तर कुणी नवीन मशिन घेतलं, कुणाचं बंद आहे, कुणाकडे कसला जॉब लागलाय हे न विचारता दिसतं. प्रसाद घेऊन पाच मिनिटांत निघा.

बाकी वर्षभर फोनला कारण हवं. कारणं शोधायला लागत नाहीत, सातवा रकाना पाहा. स्क्रॅपचा भाव पडतोय, एखाद्या कंपनीत नवीन प्लांट हेड आलाय, आयटीआयची बॅच बाहेर पडतेय आणि चांगली दोन पोरं आहेत, आपल्याकडचा वापरात नसलेला लेथचा चक त्यांना उपयोगी पडेल. असा दीड मिनिटाचा फोन करा आणि स्वतःचं काही न मागता ठेवा. तीन फोनांपैकी दोन असे असावेत.

व्हॉट्सॲपबद्दल दोन गोष्टी. सकाळची सुविचारांची चित्रं पाठवणं म्हणजे संपर्कात राहणं ही समजूत सोडा; त्यामुळे लोक तुम्हाला म्यूट करतात आणि मग कामाचा निरोपही तिथेच पडून राहतो. आणि ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं घालता येतात खरी, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. तेव्हा प्रत्यक्ष भेटीत ‘नंबर सेव्ह करा, नावापुढे शाफ्ट-कुपवाड लिहा’ असं सांगून टाका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं लावता येतात, वहीतल्या लाल खुणा तिथे तशाच उतरवा.

येणं बाकी

ओळखीतलं गिऱ्हाईक आणि थकलेलं बिल हा आपल्या भागातला सनातन विषय. ‘संबंध आहेत, मागायचं कसं’ म्हणून चार महिने गप्प बसायचं आणि पाचव्या महिन्यात फोनवर भांडायचं, याने पैसा आणि माणूस दोन्ही जातात. संबंध तुटतो तो बहुतेक वेळा अशा दाबून ठेवलेल्या रागाने. वेळेवर केलेल्या मागणीने तुटल्याची उदाहरणं शोधावी लागतील.

पहिल्याच ऑर्डरला मुदत लेखी घ्या, पीओवर किंवा मेलवर. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवं. लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून, सीए ज्याला ‘४३बी-एच’ म्हणतात त्या तरतुदीने, ही मुदत ओलांडून वर्षअखेर थकलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येते. म्हणून उद्यम क्रमांक आणि ‘सूक्ष्म’ किंवा ‘लघु’ हा वर्ग प्रत्येक बिलावर छापा आणि फेब्रुवारीत अकाउंट्सला थकबाकीची यादी नम्रपणे पाठवा. मागणी तुमची असली तरी घाई त्यांच्या ऑडिटरची होते, आणि साहेबांशी तुमचं बोलणं गोडच राहतं. निव्वळ व्यापारी म्हणून नोंदणी असेल तर हा लाभ लागू नाही, हे लक्षात ठेवा.

गिऱ्हाईक मोठं असेल तर ‘ट्रेड्स’ या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर बिल घेता का ते विचारा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची झाली आहे. बिल त्यांनी स्वीकारलं की वित्तसंस्था तुम्हाला पैसे देते आणि मुदतीनंतर त्यांच्याकडून घेते. थकलेल्या पेमेंटसाठीच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार हा शेवटचा उपाय. बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागायचा हक्क कायद्याने आहे, पण तक्रार गेली की ते गिऱ्हाईक वहीतून पुसलं असं धरूनच चाला.

आणि हे उलटही लागू आहे. कटिंग टूलवाला, हीट ट्रीटमेंटवाला, टेम्पोवाला, यांचे पैसे तुम्ही थकवत असाल तर बाकी सगळी वही व्यर्थ. एमआयडीसीत कुणाची पत कशी आहे ते सर्वांत आधी टूलवाल्याला कळतं, आणि तो दिवसाला पंधरा शॉप फिरतो.

संस्था, क्लब, प्रदर्शनं

कुपवाडला कृष्णा व्हॅली चेंबर, साताऱ्याला ‘मास’ या उद्योजकांच्या संघटना आहेत. जी जवळ असेल तिचं सभासदत्व घ्या. वीज, रस्ता, पाणी, एमआयडीसीची नोटीस असल्या बाबतींत एकट्याचं पत्र फायलीत जातं. पण नुसती वर्गणी भरून ओळखी होत नाहीत. एखाद्या उपसमितीत कष्टाचं काम अंगावर घ्या: प्रशिक्षण वर्गाची नोंदणी, सभासदांची यादी अद्ययावत करणं. ज्याच्याकडे यादी असते त्याला सगळ्यांचे फोन येतात. व्यासपीठावरच्या खुर्चीने यातलं काही होत नाही, हार मात्र मिळतो.

दर आठवड्याला सकाळी भरणाऱ्या रेफरल क्लबांत, बीएनआयसारख्या, एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद असतो. प्लंबर, इंटिरिअर, विमा, छपाई, हिशेब अशा शहरी सेवांना ते चांगलं लागू पडतं. जॉबवर्कवाल्याचं गिऱ्हाईक तिथे क्वचित बसलेलं असतं. दोन बैठका पाहुणा म्हणून करा, समोरच्या सभासदांपैकी कितीजण तुमच्या खरेदीवाल्यापर्यंत पोहोचतात ते मोजा, मग फीचा विचार करा.

पुण्याचा फेरा ठरवताना भोसरी-चाकणकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते हे विसरू नका. साताऱ्याहून पुणे एकशेदहा किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून दुपटीहून जास्त. सांगलीवाल्याने एका दिवसात दोनच भेटी ठरवाव्यात आणि परतीच्या वाटेवर शिरवळ किंवा लोणंदची एक जोडावी. बेंगळुरूला जानेवारीत होणाऱ्या इमटेक्सला जाणार असाल तर विषम सालात जा, मेटल कटिंगचं प्रदर्शन तेव्हा असतं. जाण्याआधी बारा स्टॉल नक्की करा. कार्ड घेतलं की मागच्या बाजूला लगेच दोन शब्द लिहा, काय बोलणं झालं आणि काय पाठवायचंय. रात्री हॉटेलवर ऐंशी कार्डं पसरून बसल्यावर एकही चेहरा आठवत नाही. निरोप ४८ तासांत गेला पाहिजे.

नंबर कोणाच्या नावावर

सोडून गेलेले ऑपरेटर आणि सुपरवायझर वहीत हवेत. कुपवाडला शिकलेला सेटर आज चाकणला लाइन इन्चार्ज असतो. त्याची शेवटची पगार-स्लिप, पीएफचं काम आणि अनुभवाचं पत्र वेळेवर दिलं असेल तर तो तुमचा आतला माणूस आहे. अडवून ठेवलं असेल तर तुमच्या विरुद्धचा.

पुढची पिढी धंद्यात येते तेव्हा मशिनं सहज हाती जातात, ओळखी जात नाहीत. ‘अण्णांना ओळखतो, पोराला नाही’ असं म्हणणारं गिऱ्हाईक वर्षभरात सरकतं. मुलगा किंवा मुलगी पहिले सहा महिने भेटीला सोबत असावी आणि बोलणं वडिलांनी करावं. पुढचे सहा महिने बोलणं त्यांनी आणि वडिलांनी फक्त हजर राहावं. त्यानंतर वडिलांनी त्या गिऱ्हाइकाचा फोन उचलला तरी ‘ते दरांचं तिच्याशीच बोला’ असं म्हणून तिच्याकडे द्यावा, दर स्वतः सांगू नये. इथे बहुतेक वडिलांचा तोल जातो. जुन्या माणसाने फोन केला की जुन्या दराने हो म्हणून मोकळे होतात, आणि मुलीने पाठवलेलं कोटेशन कागदावरच राहतं.

धंद्याचा मोबाइल नंबर सुरुवातीपासून फर्मच्या नावावर घ्या, सेल्सवाल्याच्या स्वतःच्या सिमवर गिऱ्हाइकं जोडू देऊ नका. वहीची किंवा एक्सेलची प्रत दर पाडव्याला घरात दुसऱ्या एका माणसाकडे द्या. त्याच दिवशी वर्षभरात एकदाही बोलणं न झालेली नावं खोडा, पण खोडण्याआधी प्रत्येकाला एक फोन करून बघा. त्यातले दोन-तीन जण स्वतःहून म्हणतात, ‘अरे, तुमचीच आठवण काढली होती, एक काम आहे.’